छप्पन अंश

सकाळी सात वाजता मी ढिगांचा ताप बघतो.
मीटरभर लांब सळई, टोकाला तबकडी.
अकरा नंबर: एकोणसाठ. बारा: एकसष्ट.
तेरा गार पडलाय, बेचाळीस. ओल जास्त.
वाळका पाला घाला, रसवंतीचा चोथा घाला, उलटा.
ढीग आतून धुमसतो, वरून कळत नाही.

तुर्भ्याला, खाणींनी कुरतडलेल्या डोंगराखाली
शहराचं उरलेलं येतं:
चघळलेल्या शेवग्याच्या शेंगा, बोंबलांची डोकी,
एपीएमसीतली दबलेली कलिंगडं ट्रकच्या ट्रक,
अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभर दूर्वा आणि काळवंडलेला झेंडू.
वाहिलेलं आणि टाकलेलं
पट्ट्यावरून एकाच वेगानं सरकतं.

पट्ट्याशी पारूबाई खिल्लारे.
तिचे हात डोळ्यांच्या आधी बघतात:
ब्लेड, डायपर, शाम्पूची पुडी,
एकदा कानातली सोन्याची कुडी, एकच.
तिनं ती ऑफिसात दिली, पावती मागून घेतली.
विचारायला कुणी आलं नाही.
पावती अजून तिच्या बटव्यात आहे.

दुपारी मलनिस्सारण केंद्राचा डंपर येतो.
त्यातल्या गाळाला आम्ही केक म्हणतो.
खरंच. चलनावर तसंच असतं: केक, साडेचार टन.
नवा पोरगा ढवळे पहिल्या दिवशी
घरून चमचा घेऊन आला होता.

पिळलेला, काळा, भुसभुशीत.
वास आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही.
त्यात लाकडाचा भुसा, त्यावर पट्ट्यावरचं ओलं,
आणि पंधरा दिवस पंचावन्नच्या वर.
जंत मरतात, जंतू मरतात,
कुणाकुणाच्या पोटातलं काय काय मरतं.
फक्त कडेला, जिथं ताप पोचत नाही,
टोमॅटो उगवतात.

कुणी लावलेले नाहीत.
कुणाच्या तरी ताटातून, आतड्यातून, पंपातून, टाकीतून
बी तेवढं शाबूत आलं.
मढवीकाकूनं एक तोडला, पदराला पुसला, खाल्ला.
म्हणाली, इथं आमच्या बापाचं भात व्हतं.
जमीन काय इसरते व्हय?
मला दुसरा पुढे केला. मी म्हणालो, नको, जेवलोय.
जेवलो नव्हतो.

माझा आजा मावजी वाघेला
ठाण्यात, टोपलीच्या संडासांच्या काळात,
मागच्या गल्लीनं यायचा.
पुढच्या रस्त्याला नाव होतं, मागच्या गल्लीला नव्हतं.
पावसाळ्यात पाटी गळायची,
एवढंच सांगायचा. त्यापुढे विडी पेटवायचा.
त्यानं वाहिलेल्याचं वजन कुठल्या चलनावर नाही.
मला हातमोजे आहेत, ओळखपत्र आहे,
आलेख काढायला संगणक आहे.
आडनावही तेच आहे.
मुलाखतीत साहेबांनी ते दोनदा वाचलं होतं.

शनिवारी सीवूड्सला, बागप्रेमींच्या प्रदर्शनात
पाच किलोच्या पिशव्या मांडून बसलो.
एका बाईंनी मूठभर खत हुंगलं. वा, वासच नाही!
मग हळूच: यात ते... तसलं काही नसतं ना?
सगळं असतं, मॅडम. तुमचंही असेल.
मूठ उघडली. हात रुमालाला तीनदा पुसले.
अर्ध्या तासानं त्यांचे यजमान एकटेच आले,
दोन पिशव्या घेतल्या, पैसे मोजून दिले.
तिला सांगू नका, म्हणाले,
जास्वंद मरायला टेकलीय.

आज सोमवार.
तेरा नंबर छप्पनवर आला.
सळई काढली, पुसली, वेळ लिहिली.
वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो,
चार वर्षांत मी तिथं नुसती रेघ ओढत आलो.
आज लिहिलं:
कडेला टोमॅटो. सात-आठ. पिकलेले.
आणि मग, पेन थोडं अडलं म्हणून झटकून,
एक खाल्ला.